शेळ्या नकोत, सांबर वाढवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्य वन्यजीव मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सादर नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये, नागपूरच्या अधिवेशनाच्या दिवसांत, बिबट्यांवरचा उपाय म्हणून जंगलात शेळ्या सोडायचा विचार आपण बोलून दाखवलात. बिबट्याच्या हल्ल्यात चार माणसं गेली तर सरकारला एक कोटी रुपये भरपाई द्यावी लागते. माणसं गेल्यावर पैसे देण्यापेक्षा त्याच एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, असं अधिकाऱ्यांना सांगितल्याचं आपलं म्हणणं पेपरात आलं. त्यावर लोक हसले, व्हॉट्सअॅपवर चित्रं फिरली. मला हसू आलं नाही. या विचाराचा अर्धा भाग बरोबर आहे. रानात खायला असेल तर रानातलं जनावर सहसा गावात येत नाही. हा अर्धा भाग या राज्यात कुणी कधी नीट तडीस नेला नाही, आणि आपण त्याला जोडलेला दुसरा अर्धा भाग साफ चुकीचा आहे. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण जुन्नर-शिरूरच्या उसात राबणाऱ्यांपासून शिराळा-पाटणच्या डोंगरातल्या लोकांपर्यंत सगळ्यांचा यात जीव गुंतलेला आहे.

मी कोण, ते सांगतो. आमचं गाव वारणेच्या वरच्या खोऱ्यात होतं. आज ती जागा चांदोली राष्ट्रीय उद्यानात आहे, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात. धरण आलं, १९८५ ला अभयारण्य जाहीर झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं, आणि या काळात खोऱ्यातली गावं एकामागून एक उठली. आम्हीही उठलो. आता कृष्णाकाठच्या एका वसाहतीत राहतो. सागरेश्वरचा डोंगर घरातून दिसतो. दोन एकर शेती, थोडा ऊस, थोडा शाळू-हरभरा, दारात चार शेळ्या.

या पत्त्यातच माझी निम्मी तक्रार आली. जिथून आम्हाला वन्यप्राण्यांसाठी उठवलं, तिथं वाघाला पुरेल एवढं जनावर नाही म्हणून वन विभाग बाहेरून चितळं आणून सोडतोय. आणि जिथं आम्हाला वसवलं, तिथं रात्री सागरेश्वर अभयारण्यातली चितळं कुंपणाच्या फटीतून बाहेर पडून हरभऱ्याचे घाटे खाऊन जातात. दोन्हीकडं जनावर चुकीच्या जागी आणि दोन्हीकडं भरडला जातोय तो आमच्यासारखा माणूस.

आधी शेळ्यांचं बोलतो. शेळी हे माणसाच्या पायात घोटाळणारं जनावर. तिला रानात सोडली तर दिवस मावळताना ती घराकडं तोंड करणार, आणि घर सापडलं नाही तर जवळची वाडी गाठणार. तिच्या मागं वाडीत कोण येणार, हे सांगायला वनरक्षकाची गरज नाही. ज्या रानात राहतील त्यांतल्या निम्म्या पहिल्या मोठ्या पावसात भिजून, खोकून मरतील. शेळी पाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल.

हिशेबही करून बघा. बाजारात बरी शेळी आठ-दहा हजाराला पडते. एक कोटीत हजार-बाराशे शेळ्या आल्या. बिबट्याला आठवड्याला एक या मापानं वर्षाला पन्नास धरल्या, तर या सगळ्या शेळ्या वीस-पंचवीस बिबट्यांना एक वर्ष पुरतात. तेही रानकुत्र्यांनी, रोगानं आणि रात्री गाडी घेऊन येणाऱ्या चोरांनी एकही नेली नाही असं गृहीत धरून. पुढच्या वर्षी परत एक कोटी.

शिवाय जुन्नरच्या ज्या बिबट्यांमुळे हा विषय निघाला, त्यांचं जंगल म्हणजे ऊसच. ते उसात जन्मले, उसात वाढले, हे आपणही बोलला आहात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठा गोळा करून त्यांचं खाणं तपासलं होतं. खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. शेळ्यांचा त्याहून बराच कमी. गावकुत्र्यांवर वाढलेला बिबट्या कुठल्यातरी लांबच्या डोंगरात शेळ्या सोडल्यात म्हणून ऊस सोडून तिकडं राहायला जाईल, असं मानायला आधार काय? त्याच्यासाठी उपाय करायचा तर तो गावातल्या उकिरड्यापासून, मोकाट कुत्र्यांपासून आणि गोठ्याच्या दारापासून सुरू होतो. तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहिणारी माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. मी इथंच थांबतो.

फक्त दोन इशारे देतो. रणथंबोरमध्ये आजारी वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना जिवंत रेडकं पुरवली गेली. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात तिथं तीन माणसं वाघानं मारली, त्यात एक सात वर्षांचा मुलगा होता आणि एक वन अधिकारी होता. आयतं खाणं आणि माणसाचा वास एकत्र येतो हे शिकलेल्या त्या बछड्यांकडंच मग बोट दाखवलं गेलं. दुसरा इशारा रोगाचा. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर रोग आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. हाच रोग पाळीव कळपांमधून मंगोलियातल्या सायगा हरणांत शिरला आणि २०१६-१७ च्या हिवाळ्यात तिथली हजारो सायगा मेली. रानबकऱ्यांनाही तो लागला. ज्या रानात आधीच भेकरं आणि सांबरं मोजकी आहेत, त्या रानात बाजारातून गोळा केलेल्या शेळ्या सोडायच्या?

आता सह्याद्रीकडं येतो. माझा खरा विषय तो आहे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये हा व्याघ्र प्रकल्प झाला. ११६५ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सुमारे ६०० चौरस किलोमीटर. प्रकल्प झाला पण वाघ कायमचा राहीना. दक्षिणेकडून, राधानगरीच्या बाजूनं, एखादा नर यायचा, ठसा उमटवून जायचा. अलीकडच्या वर्षांत नर टिकायला लागले. त्यांना सेनापती, सुभेदार, बाजी अशी नावंही मिळाली. मादी नव्हती. म्हणून ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला केंद्रानं परवानगी दिली, तीन नर आणि पाच माद्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची पहिली वाघीण चांदोलीत आली. तिचं नाव तारा ठेवलं. त्या दिवशी आमच्या वसाहतीत म्हाताऱ्या माणसांनी सुद्धा मोबाईलवर तो व्हिडिओ परत परत बघितला. आमच्या रानात वाघ आला याचा आम्हाला आनंद आहे. हे मी मनापासून लिहितोय, पत्राला शोभा म्हणून नाही.

पण ताराच्या खाण्याचं गणित कुणी मांडून दाखवत नाही, म्हणून मीच मांडतो. वाघ साधारण आठवड्याला एक मोठं जनावर मारतो, वर्षाला पन्नासच्या आसपास. पिल्लं असलेली वाघीण त्याहून जास्त. उल्हास कारंथ आणि इतर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं सांगितलेला ठोकताळा असा, की रानातल्या जनावरांपैकी वर्षाला दहातलं एक वाघाच्या वाट्याला जातं. म्हणजे एका वाघामागं रानात पाचशे खुरवाली जनावरं जिवंत असायला हवीत, तरच ती दरवर्षी पन्नास देतील आणि कळपही टिकेल. येणारे आठ आणि आधीचे तीन नर, असे अकरा वाघ धरा. साडेपाच हजार जनावरं झाली. गाभ्याच्या सहाशे चौरस किलोमीटरला वाटली तर दर चौरस किलोमीटरला नऊ. गवा मोठा असतो, त्यामुळे हिशेब थोडा हलतो. पण याच जनावरांवर बिबट्या आणि रानकुत्र्यांची टोळीही जगते, तेव्हा तो दुसऱ्या बाजूलाही हलतो.

आज आमच्या रानात दर चौरस किलोमीटरला नऊ आहेत का? चार आहेत का? सामान्य माणसाला हे समजायची सोय नाही. वाघाचा आकडा दर चार वर्षांनी जाहीर होतो. २०२२ ला महाराष्ट्रात ४४४, हे शाळेतली पोरं सांगतात. सांबराचा आकडा तालुक्यातल्या कुणालाही सांगता येत नाही. ताराच्या गळ्यात कॉलर आहे, ती रोज कुठं फिरते ते कळतं. ती ज्याच्यावर जगणार त्याची मोजदाद कुठल्या फाईलमध्ये आहे, ती बाहेर आली पाहिजे.

खाणं कमी पडलं की पुढं काय होतं, हे शोधायला फार लांब जायला नको. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीत, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारलेली सापडली. आधी गुरं मारली गेली होती. म्हादईचं ते रान आणि आमचं रान एकाच डोंगररांगेचं आहे, त्याच वाटेनं आमच्याकडं वाघ येतात. गाय मेलेल्या माणसाला तेव्हा वेळेवर पैसे मिळाले असते आणि रानात सांबर असतं, तर चार वाघ वाचले असते असं मला वाटतं. कोर्टात सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

जनावर का नाही, याची माझ्या मते तीन कारणं आहेत. तिन्ही माणसाच्या हातातली आहेत.

पहिलं कारण गवत. वर्षातून एकदा परवानगी काढून आम्ही जुन्या गावी ग्रामदैवताच्या पूजेला जातो. देवळाच्या खाली आमची भातखाचरं होती, त्याच्या वर वरी-नाचणीची टेपाडं, त्याच्या वर गायरान. माझ्या लहानपणी गायरानात पावसाळ्यानंतर गुडघ्याएवढं मारवेल आणि पवना उभा असायचा. आता खाचराच्या बांधावर उभं राहिलं तर समोर रानमोडीचं तण, माणसाच्या डोक्यावर. मध्ये मध्ये घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या. आत शिरायला वाट नाही. पूजा झाल्यावर मी खाचराच्या कडेनं थोडा फिरलो. गव्याचं शेण होतं, पण ते सगळं कडेकडेला, जिथं ओढ्याच्या ओलीवर पट्टाभर हिरवं गवत शिल्लक होतं. आत शेण कुठंच दिसलं नाही. रानमोडी गवा खात नाही, सांबर खात नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. गाव उठवलं की जंगल आपोआप चांगलं होतं, ही समजूत कागदावर बरी दिसते. नांगर थांबला, गुरं थांबली आणि नंतर कुणीच हात लावला नाही, तर आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात त्या जागी गवत टिकत नाही, झुडूप माजतं.

हे दुरुस्त करता येतं आणि याच राज्यात केलेलं आहे. ताडोबातली जामणी आणि नवेगाव ही गावं उठल्यावर त्यांची शेतं कुरणं म्हणून राखली. आज तिथं चितळांचे कळप दिसतात आणि त्यांच्या मागं वाघ दिसतात. पर्यटक तिथंच गाडी थांबवतात. मेळघाटात उठलेल्या गावांच्या जागी असंच काम झालं. तारा ज्या ताडोबातून आली, तिथं ही कुरणं आहेत. चांदोलीत काही काम झालेलंच नाही असं मी म्हणत नाही, थोड्या जागा साफ केल्याचं ऐकतो. पण खोऱ्यातल्या सगळ्या उठलेल्या गावांच्या जागा धरून दहा वर्षांचा आराखडा आहे का? असेल तर तो आम्हाला दाखवा. कुठल्या टेपाडावर कुठलं गवत यायचं, पाणी कुठं साचतं, कुठला पट्टा जानेवारीपर्यंत हिरवा राहतो, हे सांगणारी माणसं अजून वसाहतींत जिवंत आहेत. ती सत्तरीच्या पुढं गेली आहेत. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी नसेल.

गवताबरोबर वणव्याचंही बोललं पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतात. जाळलं की गवत चांगलं येतं असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची, आणि थोडकं, थंडीत, ठरवून जाळलं तर त्यात काही खोटं नाही. पण मार्चमध्ये वाऱ्यावर सोडलेला वणवा उन्हाळ्याचा सगळा चारा नेतो. भेकराचं पाडस त्यात पळू शकत नाही.

दुसरं कारण शिकार. बंदुकीवाला शिकारी आता कमी झालाय. फासकी वाढली. बफरच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याच्या, कडेला एका ओढ्याजवळ मी एक फासकी हातानं सोडवली आहे. मोटरसायकलच्या क्लचची तार, एका टोकाला सरकगाठ, दुसरं टोक करवंदीच्या खोडाला पीळ देऊन बांधलेलं. जमिनीपासून वीतभर वर, बरोबर जनावरांच्या पायवाटेवर, दोन्ही बाजूंना काटेरी फांद्या टाकून वाट अरुंद केलेली. तारेची किंमत शंभर रुपयेही नसेल. बांधणारा म्हणेल रानडुकरासाठी लावली होती. पण फासकीला डुक्कर आणि वाघीण यातला फरक कळत नाही. शेताच्या कडेला सोडलेली विजेची तार आणि कणकेच्या गोळ्यात भरलेला गावठी बाँब यांचंही तेच. सांबराची मादी आठ महिने गर्भ वागवते आणि एकच पिल्लू देते. वर्षाला चार-सहा माद्या फासकीत गेल्या, तर त्या खोऱ्यातला कळप वाढणारच नाही, तुम्ही कितीही चितळं आणून सोडा.

तिसरं कारण, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं, म्हणजे शेतकऱ्याचा राग. रानडुक्कर गाभ्यात असलं की ते वाघाचं खाणं. तेच रात्रीतून खाली भुईमुगात आलं की उपद्रवी प्राणी, रीतसर परवानगी घेऊन मारायला मोकळं. एकाच जनावराच्या दोन फायली आणि दोन्ही आपल्याच खात्यात. मी शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. ज्यानं एका रात्रीत पाऊण एकर भुईमूग उकरलेला बघितलाय त्याला वाघाच्या अन्नसाखळीवर भाषण देऊ नये. पण मारायची परवानगी हा सरकारला फुकटात पडणारा मार्ग आहे, म्हणून तो निवडला जातो. नुकसानभरपाई वेळेत देणं हा पैसे लागणारा मार्ग, म्हणून तो रेंगाळतो. माझाच अनुभव सांगतो. हरभरा खाल्ल्यावर अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेलो, सातबारा, फोटो, सगळं घेऊन. तिथं विचारलं, खाल्लं ते चितळानं की सांबरानं, आणि ते अभयारण्यातलंच कशावरून? मी काय उत्तर देणार होतो? चितळ सही करून जात नाही. मिळालेल्या रकमेत औषध फवारणीचा खर्चही निघाला नाही. त्या कर्मचाऱ्याचा राग नाही, त्याला वरून आलेला नमुना भरायचा होता. नमुना चुकीचा आहे. आमच्या वसाहतीत अर्ज करणं बहुतेकांनी सोडून दिलंय आणि जे अर्ज करत नाहीत ते काय करतात, हे आपल्यालाही माहीत आहे.

सागरेश्वरबद्दल थोडं. हे अभयारण्य माणसानं उभं केलेलं आहे, धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर झाडं लावायला लोकांना गोळा केलं त्यातून. आमच्या भागाला त्याचा अभिमान आहे. पण ते आहे १०.८७ चौरस किलोमीटर. तेवढ्यात हरणं वाढत गेली, आणि ती खाणारा वाघ तिथं नाही. तिथली जास्तीची हरणं चांदोलीला न्यायची कल्पना मला मान्य आहे. शेळ्यांपेक्षा शंभर पटीनं बरी आहे. मध्य प्रदेशनं पेंचमधली चितळं अशीच सातपुड्याला नेली, निमुळत्या होत जाणाऱ्या कुंपणात कळप हळूहळू आत घेऊन थेट गाडीत चढवायचा, हात न लावता, बेशुद्ध न करता. २०११ मध्ये त्यांनी कान्हाचे गवे बांधवगडला नेऊन वसवले. तंत्र आपल्या देशात आहे.

मात्र दोन गोष्टी बघा. जुलै २०२५ मध्ये पुण्यातल्या कात्रज प्राणिसंग्रहालयात आठवड्याभरात पंधराहून अधिक चितळं मेली, लाळ्या-खुरकुतानं. कुंपणात दाटीनं ठेवलेल्या हरणांत रोग असा पसरतो. तेव्हा कुठूनही जनावर हलवण्याआधी तपासणी आणि वेगळं ठेवण्याचा काळ सक्तीचा हवा, आणि बफरमधल्या प्रत्येक गाई-म्हशीला लस हवी. दुसरं, चितळ हे मोकळ्या, कोरड्या, गवताळ रानाचं जनावर. चांदोलीच्या माथ्यावर, पाथरपुंजला, काही वर्षी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळ्यात तिथं चितळ किती तग धरेल? आमच्या रानाचं मूळ जनावर सांबर, गवा, भेकर आणि रानडुक्कर. चितळ मोजायला आणि गाडीतून आणायला सोपं, फोटोतही छान दिसतं. पण वाघाला इथं उभं करायचं तर सांबर वाढवावं लागेल आणि सांबर गाडीनं वाढत नाही. ते गवत, पाणी आणि शांतता मिळाली की जागेवर वाढतं.

हे काम सावकाश होतं, पण होतं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये इबेरियन लिंक्स नावाचं रानमांजर आहे. २००२ मध्ये ती शंभरसुद्धा उरली नव्हती. ते मांजर जगतं सशावर आणि रोगानं ससे गेले होते. तिथं पिंजऱ्यात मांजरं वाढवून सोडली हे खरं, पण त्याच्या जोडीनं सशांसाठी बिळं केली, ससे आणून सोडले, खासगी जमीनमालकांशी करार केले. २०२३ च्या मोजणीत लिंक्स दोन हजारांवर गेली, आणि २०२४ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तिची श्रेणी एका पायरीनं सुधारली. वीस वर्षं लागली. सशाचा हिशेब त्यांनी मांजराइतकाच नेटानं ठेवला.

आता मागण्या. नम्रपणे, पण स्पष्ट लिहितो.

एक, पाळीव शेळ्या कुठल्याही जंगलात सोडण्याचा विचार रद्द झाल्याचं लेखी जाहीर करा. तोंडी नको, तोंडी सूचना खालपर्यंत जाताना काय होते ते आपण जाणता.

दोन, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या सांबर, गवा, भेकर, रानडुक्कर आणि चितळ यांची दर चौरस किलोमीटरची घनता दरवर्षी, क्षेत्रवार, मराठीत जाहीर करा. आमच्या रानात पाण्याची कमतरता नाही, त्यामुळे बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर बसून केलेल्या नोंदीनं काही कळत नाही. ठरलेल्या रेषेवर चालून, लेंड्या मोजून, शास्त्रीय पद्धतीनं करा. चालायला वसाहतीतली पोरं घ्या.

तीन, उठलेल्या गावांच्या जागांचा कुरण-आराखडा करा आणि रानमोडी मुळासकट काढायचं काम त्याच गावांतून उठलेल्या लोकांना रोजगार म्हणून द्या. ठेकेदाराला नको. ठेकेदार वरून छाटतो, पुढच्या पावसात दुप्पट उगवतं. फुलायच्या आधी उपटायचं असतं आणि सलग तीन-चार वर्षं उपटायचं असतं.

चार, बफरमध्ये फासकी शोधायच्या गस्ती नेमा, सापडलेल्या तारांचा आकडा महिन्याला गावाच्या फळ्यावर लिहा. पकडलेल्यांपेक्षा सापडलेल्या तारा जास्त खरं सांगतात.

पाच, पिकाच्या नुकसानीत कुठल्या जनावरानं खाल्लं हा प्रश्नच नमुन्यातून काढा. पंचनामा ठरलेल्या दिवसांत झाला नाही, तर शेतकऱ्यानं काढलेले फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला ग्राह्य धरा. रक्कम त्या वर्षीच्या बाजारभावानं द्या. गाय-म्हैस मारली गेली तर आठवड्यात पैसे द्या. गोळावली इथं होऊ नये असं वाटत असेल तर हे कलम सगळ्यात आधी.

सहा, पाथरपुंजसारखी जी गावं अजून पुनर्वसनाची वाट बघत गाभ्यात बसली आहेत, त्यांचा निर्णय लावा. आणि आम्ही जे आधीच उठलो, त्यांच्या वसाहतींत जमिनीचे आणि पाण्याचे जे वायदे अपुरे आहेत, त्यांची यादी करायला एक अधिकारी पाठवा. वाघासाठी जागा दिलेल्या माणसाला तीस वर्षांनी सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालायला लावलेत, तर पुढची गावं कशाच्या भरवशावर उठतील?

शेवटची गोष्ट मागणीपेक्षा विनंती. पुढचे वाघ आणायच्या आधी दुसऱ्या कलमातला आकडा जाहीर करा. तो पुरेसा निघाला तर वाघ आणा, आम्ही स्वागताला येऊ. कमी निघाला तर थांबा. ताडोबा-पेंचमध्ये त्यांना एक वर्ष जास्त राहिल्यानं काही होत नाही. इथं उपाशी राहिले तर ते शिराळ्यातल्या किंवा पाटणमधल्या कुणाच्यातरी गोठ्यात येतील, आणि मग त्या गोठ्याचा मालक आणि आपण, दोघांनाही करण्यासारखं फार काही उरणार नाही.

उत्तर मराठीत आणि लेखी मिळावं. ते वसाहतीच्या फळ्यावर लावायचं आहे, त्यामुळे एका पानात बसेल असं असेल तर बरं.

आपला,
चांदोलीच्या खोऱ्यातून उठलेला एक शेतकरी